ताईच्या सासऱ्यांची तपासणी

ताईच्या सासऱ्यांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट नुसती वरून पाहिली असेल, असं मला वाटत नाही. ताट हातात आलं की ते आधी उलटं करून बघतात, खुर्चीवर बसण्याआधी तिचे पाय हलवून बघतात, आणि भाजीच्या गाडीवर रचलेल्या टोमॅटोंना हात न लावता गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन खालच्या टोपलीत काय ठेवलंय ते विचारतात. हॉटेलात शिरल्यावर आपण रिकामं टेबल शोधतो, हे भांडी घासायची मोरी शोधतात. एकदा ताईच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही सगळे मिसळ खायला गेलो होतो. पाच मिनिटांनी मालक गल्ला सोडून आमच्याकडे आला आणि तुमच्यातले एक आजोबा भटारखान्यात वाकून पिंपाच्या तळाशी काय बघतायत, असं काळजीनं विचारू लागला. ताईनं मान वर न करता सांगितलं, की येतील ते, त्यांचं झालं की. थोड्या वेळानं दोघं बाहेर आले तेव्हा मालकाच्या हातात एक चिठ्ठी होती. तिच्यावर तीन सूचना आणि खाली तारखेसह सही होती. मालक भला माणूस निघाला, त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि रस्सा स्वतःच्या हातानं वाढला.

या सवयीचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. आदिवासी मुलांच्या निवासी शाळा, म्हणजे आश्रमशाळा, तपासायचं त्यांचं काम. पेठ, सुरगाणा या डोंगरांतून एकवीस वर्षं ते जीपनं हिंडले आणि मुलांची अंथरुणं, पाण्याच्या टाक्या, पोरांची नखं, डाळीची पोती हे सगळं बघत राहिले. निवृत्त होऊन तेवीस वर्षं झाली, पण तपासणी थांबलेली नाही, फक्त तिचा जिल्हा लहान झाला. ताईच्या घरात गॅसच्या नळीवर ती कधी बदलली त्याची चिठ्ठी आहे, गाद्या उलटायचं वेळापत्रक आहे, आणि उशांच्या आतल्या अभ्र्यांवर त्या शेवटच्या कधी उन्हात घातल्या त्या तारखा आहेत. खाकी पुठ्ठ्याची एक वही ते कायम शर्टाच्या आत, बनियनला लावून ठेवतात. वही बाहेर आली की समोरचा माणूस नकळत शर्टाची गुंडी लावतो. मी चाळिशी ओलांडलेली, एका कॉलेजात ग्रंथपाल असलेली बाई, पण मीही ओढणी सारखी करते.

आईचं आणि त्यांचं मात्र पहिल्या दिवसापासून बिनसलं. आई नांदगावला प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिक्षिका होती. साप, विंचू आणि शाळा तपासणीस या तीन गोष्टींची तिला सारखीच धास्ती, आणि त्यातला शेवटचा आपल्या घरात व्याही म्हणून आला हे तिला कधी पचलं नाही. त्यात ताईच्या लग्नात वराचे वडील म्हणून त्यांना मानानं सोफ्यावर बसवायला सगळे शोधत होते, आणि हे मांडवामागे आचाऱ्याला पाण्याच्या टाकीला झाकण का नाही म्हणून विचारत उभे. शेवटी स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं त्यांनी टाकीवर बांधलं आणि मगच विधींना आले. आईनं तो सरळ आपल्या घराचा अपमान धरला. पुढची बावीस वर्षं तिनं त्यांचा उल्लेख ‘तपासणीस’ असाच केला. दिवाळीला ते येणार असले की ती सकाळपासून घर पुसत असे आणि पुसता पुसता आपण कशाला कुणाला भितोय, असं मला ऐकवत असे.

ते मात्र तिला अतिशय आदरानं ‘विहीणबाई’ म्हणत आणि जाताना न चुकता आमच्या गच्चीतली टाकी बघून जात.

तीन वर्षांपूर्वी आई इंदिरानगरच्या आमच्या घरात बाल्कनीत कपडे वाळत घालताना पाय घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की खरं काम आता सुरू होतंय. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत, रोज व्यायाम, उचलायला दोन माणसं, आणि हे सगळं चार-पाच महिने. यात ढिलाई झाली तर या वयाची माणसं अंथरुणातून उठत नाहीत. मी अविवाहित, घरात आम्ही दोघीच, घर दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. सोय होईपर्यंत आईला इस्पितळातच ठेवलं होतं; ब्युरोतून आलेली पहिली आया तिथं दोन दिवस टिकली, घरासाठी बोलावलेली दुसरी आमचे जिने बघून खालूनच परत गेली. ताईकडे न्यायचं तर तिच्या घरातही तेच प्रश्न होते. शेवटी एखाद्या शुश्रूषा केंद्रात काही महिने ठेवायचं, असं आम्ही दोघी बहिणींनी ठरवलं. ठरवलं खरं, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आईला कुठंतरी ठेवून आले, हे वाक्य मी कुणासमोर कसं उच्चारणार होते, तेच कळेना.

आम्ही इंटरनेटवर पाहिलं, फोन केले, वेळ घेतली आणि एका शनिवारी शहरातलं सगळ्यात देखणं केंद्र पाहून आलो. संगमरवरी फरशी, दारात कारंजं, प्रत्येक खोलीत टीव्ही. व्यवस्थापकांनी आम्हाला सरबत दिलं. घरी आल्यावर ताईच्या सासऱ्यांनी विचारलं, की किती वाजता गेला होतात. अकरा वाजता, मी म्हणाले. आधी कळवून? हो, कळवूनच. त्यांनी उघडलेली वही मिटली.

“मग तुम्ही काहीच पाहिलं नाहीत,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेदोनला त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि आम्ही न सांगता तिथंच परत गेलो. कारंजं बंद होतं. काकांनी (मी त्यांना काका म्हणते) व्यवस्थापकांना नमस्कार केला, एका रिकाम्या पलंगावर आडवे झाले, उशाशी असलेली घंटा दाबली आणि छातीवर हात ठेवून घड्याळाकडे बघत पडून राहिले. व्यवस्थापक म्हणाले, की आजोबा, मी इथंच आहे ना, काय हवं ते मला सांगा. काका म्हणाले, तुम्ही घंटा ऐकून आलेले नाहीत, मी तुमच्यासमोरच आडवा झालो. अकरा मिनिटांनी एक मुलगी डोकावली, तीही घंटेमुळे नव्हे, तर टॉवेल न्यायला. मग ते उठले आणि खोल्याखोल्यांतून फिरले. त्यांनी टीव्ही बघितले नाहीत. त्यांनी पाण्याचे पेले बघितले. पेले भरलेले होते, पण भिंतीकडच्या टेबलावर, जिथं पडलेल्या माणसाचा हात पोचणार नाही. माणसांचे ओठ कोरडे होते. बऱ्याच पलंगांच्या घंटांच्या वायरी गुंडाळून वर खिळ्याला अडकवलेल्या होत्या. लोक उगाच दाबतात हो, असं एक आया म्हणाली. तिला त्यांनी ती इथं किती दिवस आहे ते विचारलं. सोळा दिवस. झाडणाऱ्या बाईला विचारलं. महिना. बाहेर येऊन त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. ते म्हणाले, की फिनेलचा इतका वास जिथं येतो तिथं खाली कुठला वास दडवलाय असा मला संशय येतो, आणि जिथं कुणीच जुनं नाही तिथं सगळ्यांचाच संशय येतो.

अशी आम्ही पाच ठिकाणं पाहिली. दर वेळी वेगळी वेळ, कधी सकाळी आंघोळींच्या गडबडीत, कधी रविवारी संध्याकाळी. स्वयंपाकघरात जाऊन ते वरण चमच्यानं उचलून परत भांड्यात सोडत आणि त्याची धार बघत. म्हाताऱ्यांशी ते तब्येतीबद्दल चकार शब्द बोलत नसत. काल संध्याकाळी काय खाल्लंत, एवढंच विचारत, आणि ज्याला सांगता येई त्याला शेजारच्या पलंगावरच्या माणसाचं नाव विचारत. “नाव माहीत असलं की समजायचं, यांना कुणीतरी उठवून बसवतं. पडल्या पडल्या छताशी ओळख होते, शेजाऱ्याशी होत नाही.” मी ग्रंथालयात पंधरा वर्षं पुस्तकं लावली, पण एखादी जागा अशी वाचता येते हे मला तेव्हा कळलं.

सहावं ठिकाण शहर संपून द्राक्षबागा सुरू होतात तिथं, एका जुन्या बंगल्यात होतं. सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या एक परिचारिका ते चालवत. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. अंगण उखणलेलं, रंग उडालेला, पण व्हरांड्यात सात-आठ माणसं खुर्च्यांवर बसलेली होती आणि त्यांच्यात कशावरून तरी भांडण चालू होतं. काका ते भांडण बराच वेळ कौतुकानं ऐकत राहिले. मग आत जाऊन सगळं तपासलं, गाद्यांच्या खालून हात फिरवला आणि सिस्टरना म्हणाले, की मला इथं आठ दिवस राहायचंय.

सिस्टरनी विचारलं, तुम्हाला काय होतंय?

“अजून काही नाही,” काका म्हणाले. “पण खुबा मोडलाय असं समजून मला ठेवा.”

मला वाटलं आता आम्हाला दोघांना हाकलून देतील. सिस्टरनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, आणि सोमवारी या, पायजमे दोन आणा, असं सांगितलं. नंतर त्यांनी मला सांगितलं, की चाळीस वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं, म्हणून नाही म्हणता आलं नाही.

ताईनं डोक्याला हात लावला. शेजाऱ्यांना काय सांगायचं, धडधाकट सासरे शुश्रूषा केंद्रात का गेले? पण ते गेले, आणि सोंग त्यांनी अगदी प्रामाणिकपणे वठवलं. आठ दिवस पलंगावरून पाय खाली टाकला नाही. बेडपॅनची पहिली वेळ आली तेव्हा, ते स्वतःच सांगतात, त्यांची तपासणी जवळजवळ तिथंच संपली होती. पण मंजुळा नावाच्या आयेनं पडदा ओढला, तोंड फिरवून उभी राहिली आणि बाहेरच्या कुत्रीला पिल्लं झाली त्याची हकीकत सांगत बसली, त्यामुळे ते पार पडलं. फिजिओथेरपीच्या बाईंना हा रुग्ण खोटा आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी काकांकडून रोज इतके व्यायाम करून घेतले, की दहा वर्षं कुरकुरणारा त्यांचा उजवा गुडघा त्या आठवड्यात गप्प झाला. व्हरांड्यातल्या भांडणात त्यांना चाकाच्या खुर्चीवरून नेऊन बसवण्यात येई, आणि तिथं त्यांचं मत दोन दिवसांतच मानलं जाऊ लागलं.

नवव्या दिवशी ते घरी आले आणि ताईच्या दिवाणखान्यात आम्हाला समोर बसवून त्यांनी अहवाल वाचला. वरण पातळ. दुपारचा चहा कोमट, कारण स्वयंपाकघर लांब आहे. एका खिडकीची कडी लागत नाही. एवढं वाचून ते थांबले आणि वहीतून डोळे न काढता म्हणाले, की मी झोपेचं सोंग घेऊन पडत होतो, तरी दर दोन तासांनी माझी कूस बदलली गेली. कुणी बघत नसताना. आणि एकदाही माझ्याशी कुणी लहान मुलाशी बोलावं तसं लाडीक बोललं नाही. ताईनं विचारलं, मग शेरा काय? ते म्हणाले, शेरा विहीणबाई देतील.

विहीणबाई कसल्या देतात. आईला इस्पितळात ही सगळी हकीकत सांगितली, तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि त्या तपासणिसानं निवडलेल्या जागी मी पाऊल ठेवणार नाही, असं जाहीर केलं. मी रडकुंडीला आले. मी तिला समजावलं, मग तिच्यावर ओरडले, मग ओरडले म्हणून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी काका स्वतः आले. पलंगाशेजारी स्टूल ओढलं, त्याचे पाय हलवून पाहिले आणि बसले.

“विहीणबाई, मी आठ दिवस राहून आलो. वरण पातळ आहे. बाकी तिथं माणसाला माणूस म्हणून धरतात.”

आईनं भिंतीकडेच बघत विचारलं, की तुम्ही खरंच आठ दिवस पडून होतात? काका म्हणाले, हो. माझ्यासाठी? काकांचा हात शर्टातल्या वहीकडे गेला. त्यांना बहुधा या प्रश्नाचं उत्तर वहीत सापडलं नसतं. ते म्हणाले, की नुसतं बघून कळलं नसतं हो. आईनं मान वळवली आणि मला तिची पिशवी भरायला सांगितलं.

सिस्टरांच्या त्या घरात आई पाच महिने राहिली. मी रोज कॉलेज सुटल्यावर जात असे. काकांच्या येण्याला मात्र वेळ नव्हती, आणि ते मुद्दाम. कधी सकाळी सातला, कधी दुपारी तीनला, कधी एकाच दिवशी दोनदा. त्यांची स्कूटर फाटकात आली की आतून ‘साहेब आले’ अशी कुजबुज होई, पदर खोचले जात, चादरी ताणल्या जात. एका रविवारी त्यांना आईची डावी टाच लाल दिसली. बोटानं दाबली तरी लाली जाईना. म्हणजे तिथं जखमेची सुरुवात होती. सिस्टर आधी चिडल्या, आमच्याकडे असं होत नाही म्हणाल्या, मग स्वतः वाकून पाहिलं आणि चौकशी केली. नवी लागलेली मुलगी कूस बदलत होती, पण टाचेखाली उशी घेत नव्हती. सिस्टरनी त्या मुलीला सगळ्यांसमोर न बोलता आत नेऊन शिकवलं. टाच आठवड्यात बरी झाली. पण त्यांनी काकांनाही बाजूला घेतलं आणि सांगितलं, की टाच पाहिलीत याचे उपकार आहेत, पण तुम्ही वही घेऊन हिंडता तेव्हा माझ्या मुली म्हाताऱ्यांकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघतात. यापुढे चार ते सहा, भेटीच्या वेळेत या.

काकांना हे फार लागलं. तरी ते चार वाजता येत राहिले, वही घेऊनच.

त्याच आठवड्यात ते घडलं. मंजुळा आईला पेज भरवत होती, मी शेजारी बसले होते, काका दारात वहीत काहीतरी टिपत होते. मंजुळा चाळिशीची, बोलायला मोकळी. आईनं तिला सहज गाव विचारलं. ती म्हणाली, सुरगाण्याच्या पलीकडं, गुजरातच्या हद्दीला. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकली होती. काकांचं पेन थांबलं. त्यांनी उत्साहानं विचारलं, की मग तुमच्या शाळेला तपासणी यायची का, साहेब कसे होते, आठवतं का काही. मला वाटतं त्यांना आपलं नाव निघेल अशी आशा होती. मंजुळानं पेजेचा चमचा फुंकर घालून गार केला.

“तोंड नाय आठवत सायबांचा. पण सायब येनार म्हनलं का त्या दिशी वरनात डाळ दिसं. गूळ पन देत. मग आमी पोरी म्हनू, ह्या सायबानं रोज यावा.”

ती हसत सांगत होती. आईनं तोंड उघडलं, तिनं चमचा भरवला, तोंड पुसलं. तिला आपण काही वेगळं बोललो असं वाटलंही नसावं. काका मात्र दारातून निघून गेले. मी बाहेर आले तेव्हा ते अंगणात स्कूटरला टेकून उभे होते. घरी जाताना वाटेत सिग्नलला थांबलो तेव्हा ते मान न वळवता म्हणाले, “एकवीस वर्षं मी फक्त त्या दिवसाचं वरण तपासलं.”

मी म्हणाले, की काका, त्या दिवशी तरी त्यांना डाळ मिळाली ना. सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न वाजवत होते.

दोन दिवस त्यांनी घरात काहीच तपासलं नाही, असं ताई म्हणाली. तिसऱ्या दिवशी चारला आले तेव्हा शर्टाच्या आत वही नव्हती. आईनं ते लगेच ओळखलं. तिनं मला बाहेर जायला सांगितलं, पण मी दारातच थांबले, म्हणून मला ठाऊक आहे. आई त्यांना म्हणाली, की तुम्ही एकटेच नव्हतात. साहेब येणार कळलं की आदल्या दिवशी मी फळा धूत असे, हुशार मुलांना पुढच्या बाकांवर आणून बसवत असे आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना सांगत असे, की उद्या घरीच राहा. तीस वर्षं. आम्ही तुम्हाला फसवत होतो, आणि वर तुमचाच राग करत होतो. काका खाली बघत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, की ती घरी राहणारी मुलं पुढे वाचायला शिकली का? आई म्हणाली, काही शिकली. सगळी नाही. दोघंही मग खिडकीतून बागेकडे बघत बसले. बावीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच असं, एकमेकांपासून सावध न राहता, बसलेलं पाहत होते.

त्यानंतर काका रोज येऊ लागले. वहीऐवजी खिशात नखं काढायचं यंत्र आणि एक छोटी कात्री. पुरुषांच्या खोलीत ते प्रत्येकाची नखं काढत, दाढी राहिली असेल तर करून देत, आणि हे करताना पूर्वीसारखंच काल काय खाल्लंत ते विचारत. आईला ते पेपर वाचून दाखवत. आई त्यांचे उच्चार सुधारत असे. अर्थात माणसाचा स्वभाव एवढ्यानं जात नाही. खिडकीची कडी लागत नव्हती ती त्यांनी सुतार आणून बसवून घेतली, आणि चहा कोमट का होतो याचा छडा लावून स्वयंपाकघरापासून व्हरांड्यापर्यंत येताना तो गार होऊ नये म्हणून किटलीला गोधडीच्या कापडाचं आवरण शिवून आणलं. सिस्टरनी चार ते सहाचा नियम कधी मागे घेतला हे कुणाला आठवत नाही.

आई पहिल्यांदा वॉकर धरून उभी राहिली त्या दिवशी मी नेमकी कॉलेजच्या कामात अडकले होते. पोचले तेव्हा ती व्हरांड्याच्या मध्यावर होती. एका बाजूला फिजिओच्या बाई, दुसऱ्या बाजूला मंजुळा, आणि पुढे काका उलटे चालत, तिच्या पावलांकडे बघत मोठ्यानं आकडे मोजत होते. आईनं त्यांना दटावलं, की मला मोजता येतं, मी गणित शिकवलंय. मग तिनं मला पाहिलं. नजर परत खाली घेऊन पुढचं पाऊल टाकलं. मी खांबाला धरून उभी राहिले. चारचौघांत रडायची मला लाज वाटते, पण तिथं कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, सगळे तिच्या पायांकडे बघत होते.

आई घरी आली. जिने चढायला तिला पाऊण तास लागला, प्रत्येक वळणावर खुर्ची ठेवली होती. आज ती घरात काठीशिवाय वावरते. कुणी विचारलं, की एवढे महिने आईला कुठं ठेवलं होतं, तर मी त्या बंगल्याचा पत्ता सांगते आणि घसा खाकरावा लागत नाही. कुणाकुणाचे उपकार मोजायचे? सिस्टरांचे, मंजुळाचे, त्या फिजिओच्या बाईंचे. पण रांगेत पहिलं नाव कुणाचं, यावर आमच्या घरात आता वाद नाही.

काकांचं तिथं जाणं आई परतल्यावरही चालूच राहिलं. आता ते ऐंशीच्या पुढे गेलेत. ताईनं स्कूटरची किल्ली लपवून ठेवली आहे, तेव्हा दर रविवारी मी त्यांना माझ्या गाडीनं नेते. हात थरथरतो म्हणून नखं काढायचं काम त्यांनी स्वतःहून सोडलं. कधी कधी माणसांची नावं त्यांना आठवत नाहीत. गेल्या महिन्यात एकदा त्यांनी मला दोनदा ताईच्या नावानं हाक मारली, आणि मी दोन्ही वेळा ओ दिली. तिथं गेल्यावर ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसतात. मंजुळा ‘बाबा, बसा’ म्हणते, चहा देते आणि आपल्या कामाला जाते.

मागच्या रविवारी ते असेच बसल्या बसल्या पेंगले होते. फाटकातून एक तरुण बाई आली. हातात इस्पितळाची फाईल छातीशी धरलेली, डोळे सुजलेले. पहिल्यांदाच आली होती, कुणाला विचारावं ते तिला कळत नव्हतं. तिला काका इथलेच रहिवासी वाटले. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि हळूच म्हणाली, “आजोबा, खरं सांगा, इथं नीट बघतात का हो? माझ्या वडलांसाठी विचारतेय.”

काका जागे झाले. तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं त्यांना प्रश्न समजला नाही, मी पुढं होणार होते. तेवढ्यात त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर हात रोवला आणि उठायला लागले. ती त्यांना बसा म्हणत होती, तरी उठले.

“चल, दाखवतो,” ते म्हणाले. “जरा हळू चालावं लागेल.”

तिनं त्यांचा हात धरला. दोघं स्वयंपाकघराच्या बाजूनं आत गेले. मी पायरीवर बसले. शेजारच्या बागेत कुणीतरी द्राक्षांवर फवारणी करत होतं, त्याचा आवाज येत होता. आतून काकांचा आवाज मधूनमधून ऐकू येई, मग तिचा. आई घरी चहासाठी खोळंबली असणार हे मला ठाऊक होतं. ऊन अंगणातून सरकत फाटकापर्यंत गेलं, तरी त्यांना हाक मारावी असं काही मला वाटलं नाही.